मदत हवी आहे : बंद अणुभट्टीजवळच्या ओढ्यातील गाळात सापडणारे सीझियम कुठून आले, हे कसे ठरवावे?

बारमाही_ओढा :

नमस्कार मंडळी,

मी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. ब्रेनिलिस येथील बंद अणुवीज केंद्राजवळून वाहणाऱ्या एलेझ या लहानशा नदीत किती किरणोत्सारी प्रदूषण शिल्लक आहे, याचा अंदाज घेणे हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. नमुने अजून घेतलेले नाहीत. ते कुठे आणि कसे घ्यावेत हे ठरवतानाच काही शंका निर्माण झाल्या आहेत. इथे अणुऊर्जा क्षेत्रात काम केलेले सदस्य आहेत, म्हणून विचारतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ब्रेनिलिसची भट्टी जड पाणी मंदायक म्हणून (न्यूट्रॉनचा वेग कमी करण्यासाठी) आणि कार्बन डायऑक्साइड वायू शीतक म्हणून (उष्णता वाहून नेण्यासाठी) वापरणारी होती. विजेची क्षमता जेमतेम ७० मेगावॉट होती आणि फ्रान्समधले या प्रकारचे हे एकमेव वीज केंद्र होते. ते १९६७ ते १९८५ या काळात चालले. मोडणीचे काम मात्र अजून संपलेले नाही. २००६ साली दिलेली पूर्ण मोडणीची परवानगी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली, कारण पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लोकांपुढे ठेवलेला नव्हता. पुढे २०११ मध्ये अंशतः आणि २०२३ मध्ये संपूर्ण मोडणीची परवानगी मिळाली. भट्टी चालू असताना तिचे सांडपाणी एका चरातून एलेझमध्ये सोडले जात असे आणि मला मुख्यतः त्या चराच्या खालच्या पात्रातला गाळ तपासायचा आहे.

माझी पहिली अडचण संदर्भ नमुन्याची आहे. ‘केंद्राच्या वर एक नमुना, खाली एक नमुना आणि दोन्हींतला फरक म्हणजे प्रदूषण’ असा सरळ आराखडा मी मांडला होता, पण जागेवर जाऊन आल्यापासून तो मला पटेनासा झाला आहे. केंद्र सेंट मिशेल या कृत्रिम जलाशयाच्या काठावर आहे. जलाशयात पाणी येते ते दलदलीच्या पीट जमिनीतून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरांतून. बारीक गाळ जलाशयात अडतो आणि धरणाखालच्या पात्रात बऱ्याच अंतरापर्यंत वाळू, गोटे आणि ग्रॅनाइटचे धोंडेच दिसतात. अशा वेळी वरच्या आणि खालच्या नमुन्यांची तुलना करायची तरी कशी?

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. सीझियम-१३७ (सीझियम धातूचा किरणोत्सारी प्रकार) गाळात सापडेल यात मला शंका नाही, कारण अणुचाचण्यांचा अवपात, म्हणजे हवेतून खाली पडणारे किरणोत्सारी कण, १९६३ च्या सुमारास शिगेला पोहोचला होता आणि तो जगभर पडला आहे. त्यात १९८६ च्या चेर्नोबिलची भर पडली. ब्रिटनी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असल्यामुळे इथे चेर्नोबिलचा अवपात पूर्व फ्रान्सच्या मानाने बराच कमी पडला, पण तो शून्य नव्हता. मग मोजलेल्या सीझियमपैकी भट्टीचे किती आणि आकाशातून आलेले किती, हे वेगळे कसे काढायचे?

तिसरे, विद्यापीठात उच्च शुद्धतेच्या जर्मेनियमचा गॅमा शोधक (गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून किरणोत्सारी द्रव्य ओळखणारे यंत्र) उपलब्ध आहे. फक्त बीटा किरण सोडणाऱ्या द्रव्यांच्या मापनासाठी नमुने बाहेर पाठवावे लागतील आणि त्याचा खर्च मर्यादित ठेवावा लागेल. अशा स्थितीत कोणत्या समस्थानिकांना (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना) प्राधान्य द्यावे?

निवृत्त_गॅमा :

नमस्कार. माझी नोकरी किनाऱ्यावरच्या एका अणुवीज केंद्राच्या परिसरातील पाणी, मासे आणि गाळ मोजण्यात गेली. समुद्र आणि ओढा यांत फरक बराच असला, तरी शोधकापुढे ठेवलेला गाळाचा डबा सारखाच वागतो, म्हणून लिहितो.

वर-खाली तुलनेबद्दलची तुमची शंका योग्य आहे. सीझियम मुख्यतः चिकणमातीच्या, त्यातही अभ्रकवर्गीय खनिजांच्या कणांना घट्ट धरून बसते. त्यामुळे वाळूत ते कमी आणि बारीक गाळात जास्त दिसणारच, भट्टी असो वा नसो. सर्व नमुने ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, चाळणीतून खाली पडलेल्या बारीक भागाचेच मापन करा आणि प्रत्येक नमुन्यातले सेंद्रिय द्रव्य जाळून किती घट येते ते नोंदवा. पीटमध्ये चिकणमाती कमी असल्यामुळे तिथले सीझियम सैल धरलेले असते आणि पाण्याबरोबर तुलनेने सहज सुटते. ही बाब नोंदवली नाही, तर दलदलीतून वाहत आलेले अवपाताचे सीझियम तुम्ही भट्टीच्या नावावर टाकाल.

संदर्भासाठी जलाशयावर अवलंबून राहू नका. तो केंद्राला लागूनच असल्यामुळे ‘केंद्राचा स्पर्श नसलेली जागा’ असे त्याच्याबद्दल छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्याऐवजी एलेझला खाली येऊन मिळणारे, पण केंद्राच्या परिसरातून न येणारे दोन-तीन ओहोळ शोधा. त्यांच्या पाणलोटात ग्रॅनाइट आणि पीट यांचे प्रमाण साधारण सारखे असावे. अवपात त्यांच्यावरही तेवढाच पडला आहे आणि भट्टीचे सांडपाणी तिथे कधी पोहोचलेले नाही.

आता खरा प्रश्न, म्हणजे ओळख पटवण्याचा. चेर्नोबिलचे सीझियम पूर्वी सीझियम-१३४ च्या सोबतीवरून ओळखता येत असे, पण त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित होण्याचा काळ) जेमतेम दोन वर्षांचे असल्यामुळे ती खूण आता पुसली गेली आहे. गाळाचा उभा गाभा काढून थरांवरून काळ ठरवण्याचा मार्गही इथे अर्धाच उपयोगी आहे. शिसे-२१० या नैसर्गिक किरणोत्सारी शिशाच्या साहाय्याने १९६३ चा थर कदाचित सापडेल, पण भट्टी बंद झाली १९८५ मध्ये आणि चेर्नोबिल घडले १९८६ मध्ये. एका वर्षाचा हा फरक ओढ्याच्या गाळात वेगळा दिसेल अशी आशा मी तरी ठेवणार नाही.

म्हणून माझा भर कोबाल्ट-६० वर राहील. ते भट्टीच्या पोलादात आणि त्यावरून सुटणाऱ्या गंजाच्या कणांत तयार होते, तर आजच्या अवपातात ते जवळपास नसते. अडचण अशी की त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे. चाळीस वर्षांत मूळच्या कोबाल्टचा सुमारे दोनशेवा भाग उरतो, तर सीझियम-१३७ चे पाचात दोन भाग शिल्लक राहतात. म्हणजे कोबाल्ट सापडले तर ती भट्टीची जवळजवळ सही समजा, पण न सापडले तर भट्टीचे काही उरलेले नाही, असा निष्कर्ष काढू नका. ११७३ आणि १३३२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ही कोबाल्टच्या गॅमा किरणांची दोन्ही शिखरे दिसल्याशिवाय कोबाल्टची नोंद करू नका आणि मापनाचा काळ तासांत नव्हे, दिवसांत मोजा. आढळले नाही तिथे ‘शून्य’ लिहू नका, तर शोधमर्यादा (यंत्राला ओळखता येणारे किमान प्रमाण) लिहून ‘यापेक्षा कमी’ असे नोंदवा. विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत ते शून्य पाहिले की माझा आजही जीव खालीवर होतो.

नमुना सुकवून डब्यात हवाबंद केल्यावर किमान तीन आठवडे थांबा, म्हणजे रेडियम आणि रेडॉनची अपत्ये समतोलात येतील. ग्रॅनाइटच्या मुलखात नैसर्गिक पार्श्वभूमी जास्त असते. त्यामुळे हातातल्या मापकाचा आकडा काठावरच्या खडकाजवळ वाढला, म्हणून दचकू नका.

बाहेर पाठवण्यासाठी मी पाण्यातील ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) निवडेन, कारण भट्टी जड पाण्याची होती. ट्रिटियम गाळात थांबत नाही, पाण्याबरोबरच जाते. आज ओढ्यात ते आढळले, तर केंद्राखालच्या भूजलातून झिरपत असण्याची शक्यता तपासावी लागेल. त्यानंतर निवडक चार-पाच गाळांत स्ट्रॉन्शियम-९० आणि निकेल-६३ पाहा. निकेल-६३ चे अर्धायुष्य शंभर वर्षांच्या आसपास असल्यामुळे जिथे कोबाल्ट संपले, तिथेही ते सापडू शकते.

सरासरी_आणि_विचलन :

वरच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. एकाच वळणावरून घेतलेले दहा नमुने म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांतून त्या वळणाची माहिती मिळते, ओढ्याची नाही. चराच्या खाली पात्राचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यात गाळ साठणाऱ्या जागा आधी नकाशावर टिपा आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकून निवड करा. संदर्भ ओहोळांतही हाच नियम पाळा. मग दोन सरासरी आकड्यांऐवजी दोन वितरणांची तुलना करता येईल आणि प्रदूषण असलेच तर ते सगळीकडे पसरलेले आहे की मोजक्या ठिकाणी साचले आहे, हेही कळेल. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण कणांना चिकटलेले प्रदूषण बहुधा ठिगळाठिगळांनी बसते.

बारमाही_ओढा :

दोघांचेही आभार. ओहोळांची कल्पना मार्गदर्शकांना सांगितली आणि त्यांना ती पटली. आराखडा त्याप्रमाणे बदलतो आहे.

आणखी एक शंका आहे. फ्रान्समध्ये पाण्यातल्या मॉसवर्गीय वनस्पती दर्शक म्हणून वापरण्याची जुनी पद्धत आहे आणि एलेझच्या धोंड्यांवर त्या भरपूर आहेत. जिथे बारीक गाळच नाही, तिथे गाळाऐवजी मॉस चालेल का? आणि निष्कर्ष मांडताना पिण्याच्या पाण्याच्या मर्यादांशी तुलना करावी का?

निवृत्त_गॅमा :

मॉस चालेल, पण गाळाऐवजी नव्हे, गाळासोबत. ती वनस्पती पाण्यातून गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आलेले धरून ठेवते, तर गाळात दशकांचा हिशेब असतो. मॉसमध्ये कोबाल्ट सापडले, तर आजही कुठून तरी पुरवठा चालू आहे असा त्याचा अर्थ होऊ शकेल आणि तो निष्कर्ष गाळावरून निघणार नाही. मात्र पानांत अडकलेला गाळ त्याच ओढ्याच्या पाण्यात नीट खळबळून काढा आणि टोकाची हिरवी वाढ तेवढी घ्या, नाहीतर तुम्ही मॉसच्या नावाने पुन्हा गाळच मोजाल.

मर्यादांबाबत जपून लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी सीझियम-१३७ साठी लिटरला १० बेकरेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल) आणि ट्रिटियमसाठी १०,००० बेकरेल आहे. युरोपीय संघ ट्रिटियमसाठी १०० बेकरेलचा आकडा धरतो, पण तो धोक्याचा नसून ‘कारण शोधा’ अशा सूचनेचा आहे. हे सगळे आकडे पाण्याचे आहेत. किलोला इतके बेकरेल असलेला गाळ त्यांच्या शेजारी ठेवणे निरर्थक आहे, कारण सीझियमची गाळातली तीव्रता पाण्यातल्या तीव्रतेच्या हजारो पट असणे अगदी स्वाभाविक आहे. गाळाचा धोका सांगायचा असेल, तर काठावर कोण किती वेळ घालवते, मासे कोण खाते, पुराचा गाळ कुरणात चढतो का, हे विचारून वार्षिक मात्रा (माणसाला वर्षभरात मिळणारा किरणोत्सार) काढावी लागते आणि ती सामान्य नागरिकांसाठीच्या वर्षाला १ मिलिसिव्हर्ट या मर्यादेशी ताडून पाहावी लागते.

शेवटी परवानगीचे. तो परिसर प्रादेशिक निसर्ग उद्यानात येतो. दलदलीत गाभा काढण्याआधी उद्यानाच्या कार्यालयात आणि चराजवळ जाण्याआधी केंद्राकडे मार्गदर्शकांच्या सहीने अर्ज करा. अणुसुरक्षेचे नियमन आणि तिथल्या किरणोत्सार मापनाची तज्ज्ञ संस्था २०२५ च्या आरंभापासून एकाच छत्राखाली आली आहे. परिसराच्या नियमित मापनांचे जुने अहवाल त्यांच्याकडे मागा आणि नमुन्यांच्या जागा त्यानंतरच पक्क्या करा.