शुभेच्छा पाठवण्याआधी विचारलं का?

(ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शनिवारी रात्री ते रविवारी दुपारपर्यंत झालेली चर्चा. नावांऐवजी फ्लॅट नंबर ठेवलेत.)

सचिव, बी-५०३: सर्व सभासदांना नमस्कार. वर्षभरात सणांच्या शुभेच्छांवरून कमिटीकडे तीन वेळा नाराजी आली. पुढच्या पंधरवड्यात पारशी नववर्ष, मग पर्युषण, गणपती, सगळं ओळीने आहे. कमिटीचा प्रस्ताव असा: ग्रुपवर आणि लिफ्टशेजारच्या बोर्डावर प्रत्येक सणाला एकच मजकूर लावायचा, "सर्व रहिवाशांना सणाच्या हार्दिक शुभेच्छा". सणाचं नाव नाही, चित्र नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मत कळवा.

ए-१०४: मान्य. वाद नको.

डी-६०१: सचिवसाहेब, गणपती बसलेत आणि बोर्डावर लिहायचं "सणाच्या शुभेच्छा"? कुठल्या सणाच्या, असं पोरंसुद्धा विचारतील. इतकी वर्षं बाप्पाचं चित्र लागतंय, आत्ताच कुणाला काय खुपलं?

सचिव, बी-५०३: काका, खुपलं असं नाही. एकाचं लावलं की दुसऱ्याचं राहतं, म्हणून.

सी-२०२: चार वर्षं शुभेच्छांचे फोटो मीच करते आहे, तेव्हा पहिली जबाबदारी माझी. लांबलचक लिहिते, माफ करा.

मागच्या वर्षी गुड फ्रायडेला सकाळी सहा वाजता मी ग्रुपवर लिलीच्या फुलांचा फोटो टाकला, वर "हार्दिक शुभेच्छा". तीस-चाळीस जणांनी हात जोडले, अंगठे दाखवले. ए-७०१ च्या ताई गप्प होत्या. या वर्षी त्याच सुमारास त्या लिफ्टमध्ये भेटल्या, तेव्हा मी सहज म्हटलं, "यंदा काय स्पेशल?" त्यांनी शांतपणे सांगितलं की तो येशूच्या मरणाचा दिवस. आदल्या रात्री वेदीवरची वस्त्रं काढून घेतात, चर्चची घंटा वाजत नाही, दुपारी तीनला उपासना असते, घरी उपास. "गुड"चा अर्थ तिथे पवित्र असा आहे. मराठी ख्रिस्ती लोक त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात.

एखाद्याच्या घरी दहावं चालू असताना पेढ्यांचा पुडा नेऊन द्यावा, तसं मी केलं होतं. आणि वर्षभर मला ते कुणी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं मत कमिटीच्या उलट आहे. सगळ्यांना एकच मजकूर लावला तर चूक होणार नाही, पण तो कुणाला पोचणारही नाही. ज्या घरचा दिवस आहे त्या घरी जो शब्द वापरतात, तोच आपण वापरावा. तो माहीत नसेल तर जिना उतरून विचारावा.

ए-७०१: ताई, मी तेव्हा रागावले नव्हते हो. काय बोलावं ते सुचलं नाही, एवढंच. तुम्ही प्रेमानेच पाठवलं होतं.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. शुक्रवारी सगळे शुभेच्छा देतात आणि रविवारी, ईस्टरला, एकही मेसेज येत नाही. आमचा खरा आनंदाचा दिवस तो. येशू उठला तो दिवस. नाताळपेक्षाही मोठा. त्या रविवारी दोन शब्द आले तर फार बरं वाटेल.

आणि "नाताळ" म्हणा. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे या भागातले मूळचे ख्रिस्ती, पिढ्यान् पिढ्या इथलेच, आमची आजी नाताळच म्हणायची. शब्द पोर्तुगीज आहे, नताल म्हणजे जन्म, पण आता तो मराठीच झालाय. फक्त डिसेंबर उजाडल्या उजाडल्या पाठवू नका. ते चार रविवार आमच्याकडे वाट बघण्याचे असतात. २४ च्या रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की मग सण.

बी-१०२: ताईंनी सुरुवात केली म्हणून मीही लिहितो. मोहरमच्या दहाव्या दिवशी आपल्या ग्रुपवर "हॅपी मोहरम" आलं होतं. कुणी टाकलं ते महत्त्वाचं नाही. त्या दिवशी करबलाच्या मैदानावर पैगंबरांचे नातू इमाम हुसेन शहीद झाले, इसवी सन ६८० मध्ये. शिया बांधव शोक पाळतात. आम्ही सुन्नी, आमच्यात बरेच जण रोजा ठेवतात. शुभेच्छा मात्र कुणीच देत नाही.

गोंधळ का होतो तेही मला कळतं. मी कडेगावकडचा, सांगली जिल्हा. आमच्याकडे मोहरमला उंचच उंच ताबूत निघतात, त्यांच्या भेटी होतात, हिंदू घरांना त्यात मान असतो, गावाला जत्रेसारखी गर्दी. लहानपणी मलाही तो सणच वाटायचा. वडिलांनी एकदा बसवून सांगितलं तेव्हा समजलं.

डी-६०१: कडेगावचे ताबूत मी पाहिलेत. १९८० च्या आसपास नोकरीला सांगलीत होतो. माणसं खांद्यावर घेऊन चालतात ते बघताना मान दुखते.

बी-१०२: अरे वा काका! मग या एकदा चहाला.

अजून एक. रमजान ईदचा फोटो कॅलेंडर बघून टाकू नका. ईद चंद्रावर. दोन वर्षांपूर्वी रात्री बारा वाजता ग्रुपवर "ईद मुबारक" आलं आणि चंद्र दिसलाच नव्हता, सकाळी आम्ही सगळे रोज्यात. आदल्या संध्याकाळी मला विचारलंत तर मीच कळवेन. मध्यरात्री उठवलंत तरी चालेल.

सी-२०२: भाई, तोही माझाच फोटो होता. यापुढे तुमचा निरोप आल्याशिवाय टाकणार नाही.

ए-३०३: आम्ही दिगंबर जैन, मूळचे सांगलीचेच. पर्युषणात ग्रुपवर "मिच्छामि दुक्कडम्" येतं, ते श्वेतांबरांचं, संवत्सरीला म्हणजे त्यांच्या पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी म्हणतात. आमचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपतं, म्हणजे त्यांचं संपतं तिथे आमचं लागतं. आम्ही म्हणतो "उत्तम क्षमा". दोन्हींतलं काहीही म्हटलंत तरी आम्हाला चालेल, पण एक विनंती आहे. ती शुभेच्छा नव्हे. मिच्छामि दुक्कडम् म्हणजे माझ्याकडून जे वाईट घडलं ते फोल ठरो. ती माफी आहे. माफी एकाने दुसऱ्याकडे मागायची असते. मोराच्या पिसाचा फोटो लावून दोनशे जणांना फॉरवर्ड केली तर ती कुणाकडे मागितली?

ए-३०३: आणि लिहितोच आहे तर, पार्किंगवरून मी बी-२०१ च्या दादांशी मे महिन्यात जे बोललो ते वाईट बोललो. पर्वाची वाट बघत नाही. दादा, क्षमा करा.

बी-२०१: अहो काका, कधीच विसरलो ते. माझाही आवाज चढला होता.

बी-४०१: जय भीम. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाच्या "हार्दिक शुभेच्छा" मी याच ग्रुपवर वाचल्यात. त्या दिवशी "विनम्र अभिवादन" एवढंच लिहायचं असतं. १४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला मनापासून शुभेच्छा द्या, आम्ही आनंदाने घेऊ. दसऱ्याला सगळ्यांना आपट्याच्या पानांचा फोटो येतो, मलाही येतो. त्यात वाईट काही नाही. पण १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, तो दिवसही विजयादशमीचाच होता. माझे आजोबा त्या गर्दीत होते. त्या दिवशी कुणी एक ओळ धम्मचक्र प्रवर्तन दिनाची लिहिली तर माझी आई ती दहा वेळा वाचेल.

डी-६०१: हे सगळं वाचतोय आणि पटतंयही. पण ८४ फ्लॅट आहेत. कुणाला कधी काय म्हणायचं आणि कधी गप्प बसायचं, हे सामान्य माणसाने लक्षात कसं ठेवायचं? चुकलो की लोक नाराज, त्यापेक्षा माणूस बोलणंच सोडेल. आणि या सगळ्यात गणपतीचं चित्र मात्र काढायचं, हे मला मंजूर नाही.

सी-२०२: काका, तुमची शंका खरी आहे. चुकण्याच्या भीतीने लोक बोलायचेच थांबले तर ते सगळ्यात वाईट. पण चित्र काढा असं इथे एकानेही म्हटलेलं नाही, वर जाऊन बघा. बाप्पाचं चित्र जातंय ते त्या एका मजकुरामुळे. तो आला तर तुमचा सणही बिननावाचा होईल आणि भाईंचाही.

२०२३ आठवतंय का? अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. मुस्लिम बांधवांनी मिरवणूक आपण होऊन दुसऱ्या दिवशी नेली, सरकारने सुट्टीही २९ ला दिली. गर्दीत कुणाची अडचण होऊ नये म्हणून. हे त्यांना सुचलं कारण समोरच्याच्या घरी त्या दिवशी काय आहे ते त्यांना नीट माहीत होतं.

लक्षात सगळ्यांनी ठेवायची गरज नाही. मी एक वही करते. प्रत्येक घराने आपल्या दिवसांची दोन-तीन ओळींत नोंद द्यायची: काय म्हणायचं, कधी म्हणायचं, आणि कुठल्या दिवशी काहीच म्हणायचं नाही. फोटो आणि बोर्ड त्या वहीतून. आणि कुणी प्रेमाने चुकीचं लिहिलं तर ग्रुपवर नाही, फोन करून सांगायचं.

डी-२०३: मी कुठलाच देव मानत नाही, माझं वहीत काय लिहिणार? दिवाळीत सगळ्यांकडचा फराळ खातो, शुभेच्छा आल्या की आनंदच होतो. फक्त "प्रत्येक घराने आरतीचा फोटो टाकावा" असे मेसेज येतात तेव्हा अवघडल्यासारखं होतं. "ज्यांना आवडेल त्यांनी" एवढं जोडा.

सी-२०२: हेच लिहिते, तुमच्या शब्दांत.

बी-६०२: डिकरा, आमचं पण लिही. सगळे "हॅपी पतेती" म्हणतात. पतेती वर्षाचा शेवटचा दिवस, पश्चात्तापाचा. दुसऱ्या दिवशी नवरोज. त्या दिवशी "नवरोज मुबारक" म्हण. मार्चमध्ये २१ ला जमशेदी नवरोज वेगळा. आमच्या शहेनशाही कॅलेंडरात लीप वर्ष नाही, म्हणून आमचं वर्ष सरकत सरकत ऑगस्टमध्ये आलं.

ए-५०२: माझा धर्म वेगळा नाही, तरी लिहू का?

दर जानेवारीत बोर्डावर लागतं, "हळदीकुंकू व तिळगूळ समारंभ, सर्व सुवासिनींना अगत्याचं निमंत्रण". यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या आठवड्यात मी जिन्याने जाते. चौथा मजला आला की गुडघे बोलतात, पण लिफ्टपाशी उभं राहून तो कागद वाचायला नको वाटतं. कुणी मुद्दाम केलेलं नाही हे मला माहीत आहे. शब्द जुना आहे, कुणी बदलला नाही.

महिला मंडळ, डी-३०२: काकू, तो कागद दर वर्षी मीच टाइप करते. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची. एकदाही मनात आलं नाही. मला खरंच फार वाईट वाटतंय. यंदा "सर्व महिलांना" लिहिणार, आणि कुंकवाचं बोट प्रत्येकीपुढे करणार. घ्यायचं की नाही ते जिचं तिने ठरवावं.

ए-३०३: आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठरावच केला. गाव करू शकतं तर आपण ८४ घरं आहोत.

डी-६०१: वहिनी, माझी मोठी बहीणही अशीच संक्रांतीला घराबाहेर पडत नाही. मी कधी विचारलं नाही का ते. आज फोन करतो तिला.

सचिव, बी-५०३: एका मजकुराचा प्रस्ताव कमिटीच्या वतीने मागे घेतो. वही सी-२०२ कडे राहील. गणपतीचं चित्र नेहमीसारखं लागेल. आपापल्या ओळी पुढच्या रविवारच्या आत द्या.

सी-७०२: उशिरा वाचलं. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आमचं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिर ठाण्यातच, १८७९ चं. तरी पुष्कळ शेजारी आम्हाला आडनावावरून कोकणातले हिंदू समजतात. आमच्या रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, आम्ही मराठीत नव्याचा सण म्हणतो. सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो. "शाना तोवा" म्हणा किंवा सरळ "नव्याच्या सणाच्या शुभेच्छा" म्हणा. त्या दिवसापासून मोजून दहाव्या दिवशी योम किप्पूर, दिवसभर कडक उपास, पांढरे कपडे, सगळा वेळ प्रार्थनेत. त्या दिवशी दार वाजवू नका, मेसेजही नको, आम्ही फोन बघत नाही. दुसऱ्या दिवशी खुशाल या.

सी-२०२: काका, लिहून घेतलं. पंधरा वर्षं शेजारी राहून मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ए-५०२: संक्रांतीच्या कागदाचा मजकूर यंदा मी लिहिला तर चालेल का? मोठा नाही, तीन ओळी.

महिला मंडळ, डी-३०२: काकू, तुम्हीच लिहा.

सी-२०२: वही माझ्याकडे आहे. उद्या सकाळी दूध घ्यायला खाली येते तेव्हा तुमच्याकडे आणून देते. पहिलं पान तुमचं.