सीडपेक्षा मोठी गोची मर्यादेची

रँडम आकडे देणाऱ्या लायब्ररीत ‘डीफॉल्ट सीड (ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून पुढचे रँडम आकडे तयार होतात तो) ठरलेलाच हवा, म्हणजे टेस्ट दरवेळी सारख्या चालतात’ असं काहींचं म्हणणं आहे, ते अर्धंच पटलं. गो भाषेत तसंच होतं. सीड दिला नाही तर १ धरायचे, आणि प्रोग्राम रोज तेच आकडे ओकायचा. २०२३ मध्ये १.२० आवृत्तीत ते बदललं. ज्याला तेच आकडे हवेत त्याने स्वतः सीड द्यावा की!

मला जास्त खटकते ती सी भाषेमधली सवय: ० ते ९९९९ मधला आकडा हवा, तर ‘रँड’ या फंक्शनने दिलेल्या रँडम आकड्याला १०००० ने भागून बाकी घ्यायची. रँडचा कमाल आकडा ३२७६७ असेल, तर ० ते २७६७ यांना चार-चार संधी, बाकीच्यांना तीनच. यावर सोडत काढली तर मारामारीच व्हायची. जादाचे आकडे (इथे ३०००० पासूनचे) फेकून पुन्हा काढणारं, मर्यादा घेणारं फंक्शन लायब्ररीतच हवं. आणि पासवर्डसाठी, जिथे आकड्यांचा अंदाज बांधता येता कामा नये, वेगळं मॉड्यूल, पायथनने ३.६ मध्ये ‘सीक्रेट्स’ दिलं तसं.