लेकीला एन्ड्युरन्स रायडिंग करायचंय, घोडा विकत घ्यावा का?

मुलुंडची_आई:
नमस्कार मंडळी. लेक १३ वर्षांची आहे, तीन वर्षं झाली महालक्ष्मीला रेसकोर्सवर रायडिंग शिकतेय. शनिवार-रविवार पहाटेची गाडी पकडून दादरला बदलायची, ती घोड्यावर आणि मी कठड्याला टेकून चहा, असं आमचं चाललंय. पण जम्पिंगमध्ये तिचं मन रमत नाही, गोल गोल फिरून कंटाळा येतो म्हणते, लांब जायचंय. तिच्या सरांनी एन्ड्युरन्सचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीचं नाव काढलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मिस्टर म्हणतात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जाऊ आणि चांगली घोडी बघून घेऊनच येऊ. मला धास्ती वाटतेय. घोडी ठेवायची कुठे, मुंबईच्या या दमट हवेत तयारी होते का, आणि घरातल्यांना यात नक्की काय काय करावं लागतं? कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

नेरळचा_बापू:
ताई, आम्ही नऊ वर्षं केलं. मी, बायको आणि मुलगा. राहायला डोंबिवली, घोडी नेरळच्या पुढे मित्राच्या शेतावर. नाव बिजली, मारवाडी, सारंगखेड्याहूनच आणलेली, तेव्हा पाच वर्षांची होती.

आधी खेळ समजून घ्या, कारण रेसकोर्सवरची शर्यत आणि ही शर्यत यांचा एकमेकींशी संबंध नाही. ४०, ६०, ८०, १२० आणि सगळ्यात मोठी १६० किमी. अंतराचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर व्हेट गेट, म्हणजे घोड्याच्या डॉक्टरांची तपासणी. तिथे घोड्याचे ठोके ठरलेल्या वेळात खाली यावे लागतात, आंतरराष्ट्रीय नियमात साधारण मिनिटाला ६४ आणि त्यासाठी १५ मिनिटं. मग डॉक्टर हिरड्या बघतात, कातडी चिमटीत धरून बघतात, पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्याचा आवाज ऐकतात, दुडकीवर पळवून लंगडतो का बघतात. यातल्या एकातही नापास झालात तर बाहेर, मग तुम्ही अर्धा तास पुढे का असेनात. अमेरिकेत १९५५ पासून चालू असलेली टेव्हिस कप म्हणून १०० मैलांची राइड आहे, तिथेसुद्धा २४ तासांत धडधाकट घोड्यानिशी पोचला त्या प्रत्येकाला मानाचा बकल मिळतो.

घरच्यांचं काम म्हणाल तर घरचेच क्रू. टप्पा संपवून घोडा येतो तेव्हा स्वार थकलेला असतो, त्याच्या हातून काही होत नाही. मी खोगीर उतरवायचो, बायको मानेवर आणि पायांच्या आतल्या बाजूला जिथे शिरा वर असतात तिथे पाणी ओतत राहायची, मुलगा नाडी मोजायचा. बिजलीचे ठोके दहाव्या मिनिटाला साठच्या खाली यायचे, लोक बघायला गोळा व्हायचे. ८० किमीत दोन वर्षं सलग ती पहिली आली आणि एकदा बेस्ट कंडिशनचं, म्हणजे शर्यतीनंतर सगळ्यात ठणठणीत राहिलेल्या घोड्याचं बक्षीसही मिळालं, ते मला पहिल्या नंबरापेक्षा प्रिय आहे, आजही हॉलमध्ये तेच पुढे ठेवलंय.

पण तिसऱ्या वर्षाचं सांगतो, ते तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. मार्चचा उकाडा होता, मुलगा १६ चा, तिसऱ्यांदा जिंकायचंच असं डोक्यात. दुसऱ्या गेटला ठोके ७२ वर आले आणि तिथेच अडकले. बायकोने वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबला, एरवी सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायचा, या वेळी पांढरा ठिपका तसाच राहिला. बादली पुढे धरली तर बिजलीने नुसता ओठ बुडवला आणि तोंड फिरवलं. अजून पाच मिनिटं होती, पोरगा म्हणत होता थांबू या, येतील खाली. बायको म्हणाली, "नाही रे राजा, ती सांगतेय आपल्याला." आणि स्वतः जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. रात्रभर सलाइन चाललं, झाडाच्या फांदीला बाटल्या बांधून, पहाटे तीनला तिने लीद टाकली, म्हणजे आतडं चालू झालं, तेव्हा आम्ही तिघंही रडलो. चूक माझी होती, आदल्या आठवड्यात उन्हातला सराव वाढवला होता आणि मिठाकडे लक्ष दिलं नव्हतं.

परळकर_पशुवैद्य:
बापूंनी लिहिलंय ते अगदी खरं. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो, घोडेच बघतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

माणूस घामातून पाणी जास्त आणि मीठ कमी घालवतो, त्यामुळे रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम मुळातच खारट, कडक उन्हात तासाला १० लिटरच्या वरसुद्धा जातो, पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून मेंदूला तहानेचा निरोपच पोचत नाही. बिजलीने तोंड फिरवलं ते यामुळे असणार. इलेक्ट्रोलाइट द्यायचे ते थोडे थोडे आणि पाणी पितोय तेव्हाच, कोरड्या पडलेल्या घोड्याच्या तोंडात नुसतं मीठ कोंबलं तर उलट नुकसान होतं.

मुंबईच्या हवेत घाम सुकत नाही म्हणून अंग गार होत नाही. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की स्नायू आखडतात असं आपल्याकडे अजून सांगतात, ते सोडून द्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या निमित्ताने यावर बरंच काम झालं, भरपूर पाणी ओतत राहणं सुरक्षित असतं हे त्यात दिसलं.

यात्रेतून घेणार असाल तर ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, हा रोग माणसालाही होतो. आणि वयाची घाई नको. छाती-फुप्फुसं काही महिन्यांत तयार होतात, पायांचे टेंडन (स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर) आणि हाडं मजबूत व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, घोडा दमदार वाटतो आणि नेमका तेव्हाच पाय जातो. १६० ला आठ वर्षांच्या आतला घोडा घेतच नाहीत ते उगीच नाही.

माथेरानवाला:
ताई, मुलीला डोंगर उतरताना घोड्यावरून उतरून बरोबर पळायची सवय लावा. एन्ड्युरन्समध्ये चालतं ते, घोड्याची पाठ वाचते. आमच्याकडे लाल मातीत उतारावर नवशिके मागे रेलून बसतात ना, बघवत नाही. बाकी जगात अरबी घोडेच पुढे असतात हे मान्य, पण आपल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर मारवाडी-काठियावाडीचे खूर फार टणक.

मुलुंडची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, मिस्टरांना रात्री सगळं वाचून दाखवलं, यात्रेचं तूर्तास रद्द. लेकीने एकच विचारलंय, बिजली आता कशी आहे?

नेरळचा_बापू:
१९ वर्षांची आहे, मजेत. स्पर्धा बंद, संध्याकाळी गावातली पोरं पाठीवर बसतात. ताई, घोडा घेऊ नका अजून वर्षभर. लेकीला घेऊन रविवारी या, कर्जत लोकल पकडा, नेरळला मी घ्यायला येतो. आधी तिला खरारा करू दे, चंदी भिजवू दे, आणि स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे लावून ठोके मोजायला शिकवतो. बिजली त्यासाठी उभी राहते शांत. येताना गाजरं आणा, गूळ नको, डॉक्टरांनी बंद केलाय तिचा.