लोकांना कळला नाही, की वेगळाच माल विकला?

जॉर्ज क्लूनीने दिग्दर्शित केलेला ‘सबर्बिकॉन’ (2017) हा सिनेमा अमेरिकन पब्लिकला झेपला नाही म्हणून आपटला, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांनी सिनेमास्कोरला (प्रेक्षकांची मतं गोळा करणारी संस्था) दिलेली श्रेणी होती ‘डी मायनस’, म्हणजे नापासाच्या जेमतेम वर. इतका राग न कळल्याने येत नाही, फसवल्यासारखं वाटल्यावर येतो.

ट्रेलरमध्ये दिसली ती मॅट डेमनची, विम्याच्या पैशासाठी केलेल्या खुनाची गंमत. आत मात्र दुसरी गोष्टही आहे, शेजारी राहायला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची. हे 1957 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेविटाउन या गोऱ्यांच्या वसाहतीत खरंच घडलंय, विल्यम आणि डेझी मेयर्स यांच्या बाबतीत. घराबाहेर रोज जमाव, दगडफेक. मूळ खून-प्रकरणाची पटकथा कोएन बंधू या लेखक-दिग्दर्शक जोडीची, ऐंशीच्या दशकातली. शेजारच्या कुटुंबाचा भाग क्लूनीने नंतर जोडला, आणि शिवण उसवलेली दिसते. त्या कुटुंबाला धड संवादसुद्धा नाहीत हो!

तरी एक दृश्य मी विसरू शकत नाही. रात्रीची वेळ, शर्टावर रक्त, आणि डेमन पोराची चिमुकली सायकल हाणत घरी निघालाय, गुडघे पार हँडलला लागतायत. मी खो खो हसलो, बायको म्हणाली, “यात हसण्यासारखं काय आहे?” आमच्या सोफ्यावरच प्रेक्षकांचे दोन तट!

ऑस्कर आयझॅकने केलेला विमा कंपनीचा तपासनीस आणखी वीस मिनिटं असता तर मी तक्रारच केली नसती.