रविवारी घरी ओपन हाऊस आणि बिंगो: ग्रुपवरची चर्चा

बी-२०१: नमस्कार सगळ्यांना, सेक्रेटरी काकांना विचारूनच हा मेसेज टाकतेय. मी साबण, क्रीम आणि सुगंधी मेणबत्त्यांचं डायरेक्ट सेलिंग (म्हणजे कंपनीचा माल दुकानाशिवाय थेट लोकांना विकणं) सुरू केलंय हे बऱ्याच जणांना माहितीये. येत्या रविवारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत घरीच ओपन हाऊस ठेवतेय, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा यायचं, बघायचं, वास घ्यायचा, लावून बघायचं, काही घेतलं नाही तरी चालेल. आणि जरा मजा म्हणून बिंगो ठेवायचाय, सगळ्यांनी बसायचं, मी नंबर पुकारणार, लाइन, कॉर्नर, फुल हाऊस सगळ्याला बक्षिसं. कोणी आधी असं केलं असेल तर सांगा ना काय काय तयारी लागते

सी-३०४: मी येणार. फुल हाऊस माझंच, बाकीच्यांनी लाइनवर समाधान मानावं

सी-१०३ (सेक्रेटरी): हो, मला विचारलं होतं. ग्रुपवर एक मेसेज चालेल, रोज आठवण नको. लिफ्टमध्ये पत्रकं चिकटवू नयेत, टेप काढताना रंग निघतो आणि मग तक्रारी माझ्याकडे येतात.

ए-१०१: स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. मागे एकीकडे मला असंच गेम आहे, गंमत आहे म्हणून बोलावलं आणि बसवून ठेवलं, मग विकायला माणसं जोडायची साखळी समजावत फळ्यावर गोल काढून झाले, तुम्ही इथे, तुमच्या खाली तीन, त्यांच्या खाली नऊ... गेम राहिला बाजूला आणि उठायची सोय नाही. तेव्हापासून कुठे बक्षीस म्हटलं की मी चप्पल शोधते.

बी-२०१: नाही हो वहिनी, तसलं काहीच नाही. फक्त वस्तू दाखवायच्यात

ए-१०१: तू तशी नाहीस गं, माहितीये. पण येणाऱ्याला ते आधी कळायला हवं ना, नाहीतर माझ्यासारखे दारातूनच परत.

ए-४०२: आत्ता बघितले सगळे मेसेज. मी बरीच वर्षं हे काम केलंय, आता बंद केलंय, त्यामुळे मला काही विकायचं नाही, मोकळेपणाने सांगते. बाळा, नंबर पुकारायचा बिंगो ओपन हाऊसला चालतच नाही. का ते सांगते, ओपन हाऊस म्हणजे कोणी तीनला येणार, कोणी पाचला, कोणी बाळाला झोपवून सहाला, आणि हाऊजीचं तिकीट मधूनच घेता येत नाही, अर्धे नंबर पुकारून झाले की नंतर आलेला माणूस नुसता भिंतीला टेकून उभा. बरं तू खुर्चीत बसून नंबर पुकारत असशील तर दार कोण उघडणार, क्रीम कोण दाखवणार, आणि कोणाला काही विचारायचं असलं तर ती बाई तुला हाका मारणार की खेळणारे तिला गप्प बसवणार? शेवटी होतं काय, लोक दोन तास छान खेळतात, बक्षिसं घेऊन घरी जातात आणि टेबलावरच्या वस्तूंना हातसुद्धा लागलेला नसतो.

बी-२०१: हे डोक्यातच नव्हतं काकू. मग बिंगो नकोच का?

ए-४०२: हवा की. पण नंबरांचा नको, करायच्या गोष्टींचा. प्रत्येक चौकोनात एक छोटी कृती लिहायची, पाहुणा आला की कार्ड आणि पेन हातात द्यायचं, तो आपल्या वेळेने फिरत खुणा करत जातो, एक ओळ झाली की नाव लिहून कार्ड डब्यात. तीनला आलेला आणि सहाला आलेला दोघं सारखेच. संध्याकाळी डब्यातून चिठ्ठी काढायची, आणि त्या वेळी हजर असायलाच पाहिजे अशी अट घालायची नाही, नाहीतर लोक आधी येतच नाहीत, सगळे शेवटच्या पंधरा मिनिटांत.

बी-५०१: गणिताच्या बाजूने थोडं. हाऊजीत ९० आकडे असतात, तिकिटावर १५. बिंगोच्या पाच बाय पाच कार्डवर ७५ पैकी २४ आकडे आणि मधला चौकोन फ्री. म्हणजे चोवीस कृती. वीस मिनिटांसाठी आलेला माणूस चोवीस कृती करणार नाही, तो कार्ड घडी करून खिशात टाकेल. तीन बाय तीन करा, मधला फ्री, आठ कृती पुरे.

सी-३०४: दादा रविवारच्या बिंगोला पण एक्सेल उघडणार

बी-५०१: उघडलंय ऑलरेडी. आणि ऐका, तीन टेबलं असतील तर कार्डचा एकेक उभा रकाना एका टेबलाचा करा, पहिला साबण, मधला क्रीम, तिसरा मेणबत्त्या. मग नियम असा की उभी ओळ धरायची नाही, फक्त आडवी किंवा तिरकी. उभी ओळ धरली तर माणूस एकाच टेबलाशी उभा राहून कार्ड पूर्ण करतो. आडवी-तिरकीला त्याला प्रत्येक टेबलापाशी जावंच लागतं. मधला चौकोन फ्री असल्यामुळे मधल्या आडव्या ओळीला आणि दोन्ही तिरक्यांना फक्त दोनच कृती लागतात, घाईतल्यांना ते बरं, पण त्यात क्रीमचं टेबल सुटतं, कारण फ्री चौकोन त्याच रकान्यात येतो.

ए-४०२: मग दाराजवळचं पहिलंच टेबल क्रीमचं ठेव, आत येताना ते ओलांडावंच लागेल. आणि चारही कोपऱ्यांचे चौकोन दोन-दोन ओळींत येतात, तर ज्या चार गोष्टी लोकांनी करून बघाव्यात असं तुला मनापासून वाटतं त्या कोपऱ्यात टाक. वा रे पोरा, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

बी-२०१: भारी आहे हे. मग एक चौकोन खरेदी केली असा ठेवू ना? आणि एक माझ्या टीमबद्दल, म्हणजे माझ्याबरोबर विक्रीला यायचं त्याबद्दल, माहिती घेतली असा?

ए-१०१: बघा, आला गोल 😄

ए-४०२: दोन्ही नको. टीमचा तर अजिबात नको, वहिनी म्हणाल्या तेच होईल, ज्याला विचारायचं तो आपणहून विचारतो. आणि खरेदीचा चौकोन का नको ते नीट समजून घे. पैसे द्यायचे, चिठ्ठी निघायची आणि बक्षीस मिळायचं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की बऱ्याच देशांचा कायदा त्याला लॉटरी धरतो, मग परवानगी आली, कटकट आली. म्हणून सोडतींच्या खाली लिहिलेलं असतं ना, खरेदीची अट नाही. कार्ड फुकट, खेळणं फुकट, बक्षीस घ्यायला काही विकत घ्यावं लागत नाही, हे कार्डवरच मोठ्या अक्षरात छाप. तुझ्या कंपनीचेही नियम बघ एकदा, त्यांचा लोगो आपण छापलेल्या कागदावर वापरू देतात का, असल्या खेळांना हरकत आहे का, बहुतेक कंपन्यांचं नियमांचं पुस्तक असतं आणि ते कोणी वाचत नाही.

सी-१०३ (सेक्रेटरी): हे लिहिलंत ते बरं केलंत. माझ्याही मनात होतं, सोसायटीत तिकीट लावून खेळ नको.

ए-३०२: लिफ्ट चालू आहे का कोणाला माहितीये

सी-१०३ (सेक्रेटरी): चालू आहे. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी दार उघडं ठेवलंय.

सी-३०४: काकू मग चौकोनात लिहायचं काय? साबण बघितला, क्रीम बघितलं? झोप येईल

ए-४०२: तेच तर खरं काम आहे. टपरवेअरचं उदाहरण सांगते. ते डबे सुरुवातीला दुकानात ठेवले होते, फारसे खपेनात, कारण ते झाकण दाबून हवा काढून कसं लावायचं हे शेल्फवरचा डबा सांगत नाही. घरी चार बायका जमवून कोणी हातात घेऊन दाखवलं की लगेच पटायचं. ब्राउनी वाइज नावाच्या बाई अशा पार्ट्यांतून इतका माल विकत होत्या की १९५१ साली कंपनीने दुकानांतून माल काढून घेतला आणि घरगुती पार्ट्यांवरच सगळी विक्री ठेवली. पार्टीत खेळ असायचेच, पण गिऱ्हाईक त्या झाकणाला भुलायचं. तेव्हा चौकोनात तेच लिही जे करून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे कसं, मेणबत्ती. लोक आणतात, पहिल्यांदा दहा मिनिटं लावून विझवतात, मग मधोमध खड्डा पडतो आणि कडेचं मेण तसंच राहतं, मग म्हणतात माल खराब. पहिल्या वेळी वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्यायचं, आणि दर वेळी लावायच्या आधी वात साधारण पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापायची, नाहीतर काजळी धरते. तर एक चौकोन, वात स्वतः कापून बघितली. टेबलावर एक चांगली जळलेली आणि एक खड्डा पडलेली अशा दोन शेजारी ठेव, तुला बोलावंही लागणार नाही, बघणाराच विचारेल हिचं असं का झालं.

बी-२०१: माझ्याकडे खड्डा पडलेली आहे एक, टाकून देणार होते!

ए-४०२: तीच सगळ्यात कामाची.

ए-१०१: वासाचं पण बघ. एका वेळी दहा मेणबत्त्यांचा वास घेतला की शेवटी सगळ्या सारख्याच वाटतात.

ए-४०२: अगदी बरोबर. तीन-चारानंतर नाक काही सांगत नाही. तीनच बाहेर ठेव, चौकोन असा, तिघींतली आवडती निवडली, आणि तिचं नाव कार्डवर लिहायला लाव. संध्याकाळी कार्डं चाळलीस की कोणाला काय आवडलं ते आयतंच तुझ्या हातात.

बी-५०१: डेटा 😎

सी-२०२: मी त्वचेच्या बाबतीत जरा कच्ची आहे, कशानेही पुरळ येतं. क्रीम लावून बघा असा चौकोन असेल तर मी तो रिकामाच सोडणार.

ए-४०२: आणि सोडायलाच हवा. तिथे दोन पर्याय लिही गं, क्रीम लावून बघितलं किंवा डबीवरचे घटक वाचून एक प्रश्न विचारला. लावायचं तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर, तोंडाला नाही, आणि लगेच काही दिसलं नाही म्हणजे सोसलं असं नसतं, निदान एक दिवस बघावं लागतं. म्हणून त्याच दिवशी घ्या घ्या करू नये, छोटी पुडी घरी दे आणि दोन दिवसांनी विचार. फोन करू का अशी एक चौकट कार्डच्या खाली ठेव, ज्याने खूण केली त्यालाच फोन, बाकीच्यांचा नंबर आहे म्हणून मेसेज सुरू करायचे नाहीत. सोसायटीत राहायचंय आपल्याला, जिन्यात रोज तोंड बघायचंय.

सी-१०३ (सेक्रेटरी): आणि कोणाचेही नंबर परस्पर नव्या ग्रुपमध्ये टाकू नयेत. मला एकदा असंच टाकलं होतं, बाहेर पडलो तर परत टाकलं.

बी-२०१: नाही टाकणार काका, नक्की. बक्षिसांचं काय करू? मी मोठा हॅम्पर ठरवला होता

ए-४०२: हॅम्पर कोणाच्या खिशातून? तुझ्याच ना. बक्षिसं ही तुझ्या कमिशनमधून जातात हे लक्षात ठेव, आणि ओपन हाऊस आहे म्हणून आधीच ढीगभर स्टॉक उचलू नकोस, नवीन माणसाचे पैसे तिथेच अडकतात, माल कपाटात आणि कॅटलॉग बदललेला. दाखवायला एकेक नग, बाकी ऑर्डर घे. सोडतीला दोन-तीन छोटी बक्षिसं पुरे, ज्यांनी ओळ पूर्ण केली त्या प्रत्येकाला एक पुडी. एकच मोठं बक्षीस असलं की एक जण खूश आणि बाकीचे आपल्याला काय म्हणून निघून जातात.

सी-३०४: पण पुकारायची मजा गेली हो, मी आवाज लावून ठेवला होता

बी-५०१: एक छोटा राउंड ठेवता येईल ना, ठराविक वेळी, आधीच सांगून. आकड्यांऐवजी वस्तूंची चित्रं. फक्त सगळ्या कार्डांवर तीच चित्रं जागा बदलून टाकू नका, लाइनला फरक पडतो पण फुल हाऊस सगळ्यांचं एकाच चित्राला लागतं आणि मग बक्षीस कोणाचं यावरून भांडणं. चित्रं जास्त ठेवा, प्रत्येक कार्डावर त्यातली थोडी. कार्डं मी काढून देतो.

ए-४०२: चालेल, पाचला एकदाच, पंधरा मिनिटं, आणि पुकारायला सी-३०४ ला बसव. म्हणजे तू मोकळी. चित्र निघालं की त्या वस्तूबद्दल एक वाक्य बोलायचं, भाषण नाही.

सी-३०४: मान्य! पण मग मी खेळू शकत नाही की

ए-१०१: फुल हाऊस गेलं हातचं 😂

बी-२०१: बरं मग असं ठरवते, तीन बाय तीन कार्ड, मध्ये फ्री, तिथे लिहिणार आलात, बरं वाटलं. आडवी किंवा तिरकी ओळ. कोपऱ्यात वात कापणं, आवडती मेणबत्ती, साबणाचा फेस हातावर करून बघणं, आणि ओला साबण जाळीच्या डबीवर ठेवायचा की साध्या ते दोन्ही साबण हातात घेऊन बघणं, कारण पाण्यात बसलेला साबण कसा गिळगिळीत होतो ते सांगून कळत नाही. क्रीमचे दोन चौकोन मधल्या रकान्यात, लावा किंवा विचारा. उरलेले दोन, एक ओळख नसलेल्या पाहुण्याशी बोलणं आणि एक... सुचवा

ए-१०१: न आवडलेली एक गोष्ट तोंडावर सांगितली.

बी-२०१: वहिनी!

ए-४०२: ठेव ठेव, फार चांगला चौकोन आहे. लोक खरं बोलतात, आणि तुझ्या आधी दुसऱ्यांना जाऊन सांगण्यापेक्षा बरं.

ए-१०१: मग मी येते. पण दार उघडं ठेवशील.

बी-२०१: उघडंच असेल, तुमची खुर्ची दाराजवळ. आणि ग्रुपवरच्या मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत लिहिते, खरेदीची सक्ती नाही, टीमचं प्रेझेंटेशन नाही, वीस मिनिटांत मोकळे

सी-१०३ (सेक्रेटरी): बाहेरून येणाऱ्यांच्या गाड्या गेटबाहेर. आणि तो मेसेज एकदाच.

सी-२०२: पेन घरून आणायचं का?

बी-२०१: नको, टेबलाला दोऱ्याने बांधून ठेवतेय. मागच्या मीटिंगची सहीची पेनं सोसायटी अजून शोधतेय