कोविडचे मृत्यू: बेल्जियमचा आकडा नेदरलँड्सपेक्षा इतका जास्त कसा?

अनुया_उ
मंडळी, आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो, बेल्जियमची बॉर्डर अगदी जवळ. २०२० संपताना बेल्जियमचे जाहीर कोविड मृत्यू साधारण १९,५०० होते आणि इकडचे साडेअकरा हजार. लोकसंख्या बघाल तर त्यांची १ कोटी १५ लाख, इकडची १ कोटी ७४ लाख, म्हणजे लाखामागे तिकडे १७० आणि इकडे ६६ च्या आसपास. पैसा दोन्हीकडे, हॉस्पिटलं दोन्हीकडे चांगली, मग अडीच पट फरक कसा काय? ऑफिसात सगळे म्हणतात बेल्जियमने घोळ घातला. खरंय का हे?

रानपाखरू
बराचसा फरक मोजण्याचा आहे. बेल्जियमने वृद्धाश्रमातले टेस्ट न झालेले पण डॉक्टरला कोविडचा संशय असलेले मृत्यूही धरले. तुमच्याकडे आरआयव्हीएम (तिथली सरकारी आरोग्य संस्था) फक्त टेस्ट पॉझिटिव्ह आलेले धरत होती आणि पहिल्या लाटेत टेस्टच पुरेशा होत नव्हत्या. पुढे तिथल्याच सीबीएसने (सरकारी आकडेवारी संस्था) डेथ सर्टिफिकेटांवरून मोजलं तर २०२० चा आकडा २० हजारांच्या घरात गेला! ब्रिटनचं बघा, ऑगस्ट २०२० मध्ये पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसांच्या आत गेलेलेच धरायचे असं ठरलं आणि एकूण आकडा एकदम ५ हजारांहून जास्त खाली आला. माणसं तेवढीच गेलेली होती.
म्हणून एक्सेस डेथ्स बघा, म्हणजे नेहमी अपेक्षित असतात त्यापेक्षा एकूण किती जास्त माणसं गेली ते. २०२० मध्ये बेल्जियममध्ये २०१९ पेक्षा साधारण १८ हजार मृत्यू जास्त झाले, नेदरलँड्समध्ये अपेक्षेपेक्षा सुमारे १५ हजार जास्त. लाखामागे १५६ आणि ८६. बेल्जियमला फटका जास्त बसला हे खरंच, पण अडीच पट नाही, पावणेदोन-दोन पट. ज्यांनी संशयित मृत्यूसुद्धा प्रामाणिकपणे मोजले त्यांनाच नावं ठेवायची हे मला अजिबात पटत नाही.

कोकणकडा
सहमत, पण एक्सेस हा पण अंदाजच आहे हो, दगडावरची रेघ नाही. अपेक्षित मृत्यू किती धरले यावर सगळं अवलंबून, आणि तुम्ही तर बेल्जियमला नुसतं २०१९ लावलंय, नेदरलँड्सला अपेक्षित. डब्ल्यूएचओने मे २०२२ मध्ये जर्मनीचे २०२०-२१ चे एक्सेस मृत्यू १ लाख ९५ हजार सांगितले, आणि टीका झाल्यावर ते १ लाख २२ हजारांवर आणले. २०१९ साली तिथे मृत्यू कमी झाले होते, मॉडेलने ती उतरण तशीच पुढे ओढली, प्रत्यक्षात समाज म्हातारा होतोय म्हणजे अपेक्षित मृत्यू दरवर्षी वाढायला हवेत. जपानचंही तेच, आयएचएमई या अमेरिकन आरोग्य संशोधन संस्थेने एक्सेस मृत्यू १ लाख ११ हजार म्हटलं जिथे जाहीर मृत्यू १८ हजारांच्या आसपास होते, त्यावरही बेसलाइनवरूनच, म्हणजे अपेक्षित मृत्यू किती धरले त्यावरूनच, टीका झाली. त्यामुळे कुणी एकच आकडा तोंडावर फेकला तर आधी विचारा, बेसलाइन कुठली.

अनुया_उ
दोघांचे आभार. पण मग सीबीएसचे २० हजार आणि एक्सेस १५ हजारच, हे कसं बसतं?

रानपाखरू
कारण त्यातले काही जण खूप आजारी होते, कदाचित त्याच वर्षी गेले असते, आणि लॉकडाऊनमुळे बाकीचे संसर्गही कमी झाले. न्यूझीलंड बघा, बॉर्डर बंद, फ्लू जवळजवळ गायब, तर २०१९ मध्ये ३४,२६० मृत्यू आणि २०२० मध्ये ३२,६१३. म्हणजे एक्सेस चक्क उणे. कोविडने गेलेले आणि लॉकडाऊनने वाचलेले एकाच बेरजेत येतात, ते वेगळे करायला सर्टिफिकेटच बघावं लागतं.