जेरुसलेमच्या उतारावर माण आठवला

माणचा_नास्तिक (दहिवडी):
२०१८ला ठिबक बघायला शेतकऱ्यांच्या सहलीतून इस्राएलला गेलो होतो. मी देव मानत नाही. शिंगणापूरच्या कावडी मुंगी घाट चढताना बघायला दरवर्षी जातो, पण हात जोडत नाही.

जेरुसलेमला येशूच्या थडग्याच्या चर्चमध्ये आमच्यातली दोघं रडली. माझं लक्ष दारावरच्या खिडकीला टेकवलेल्या लाकडी शिडीवर. ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीच्या फटीत घालायला गाइडनं चिठ्ठी दिली होती, ती खिशातच राहिली अन् पुढं धुण्यात गेली.

मग बस मृत समुद्राकडं उतरायला लागली. बघता बघता हिरवं संपलं. बोडके, पिवळट डोंगर, त्यांच्यावर मेंढरांच्या वाटांच्या आडव्या रेघा. 'समुद्रसपाटी' अशी पाटी आली, शेजारी सजवलेला उंट, आणि रस्ता तिथूनही खालीच. घशात आवंढा आला राव. ज्या जमिनीवरून इतकं रक्त सांडतंय तिथं मला आमचा दुष्काळी माण तालुका आठवावा? कुणाला असं झालंय?

कराडचा_मास्तर:
भूगोल आहे हो. ढग भूमध्य समुद्राकडून येतात, जेरुसलेमचा डोंगर साधारण ८०० मीटरचा, त्यावरच रिकामे होतात. पलीकडं पर्जन्यछाया, आणि मृत समुद्र तर समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून जास्त खाली. महाबळेश्वरला धो धो, दहिवडीला टँकर. गाव ओळखलंत, झालं.

मिरजकरीण:
शिडी बरोबर हेरलीत! त्या चर्चमध्ये सहा पंथांची वाटणी. ऑटोमन सुलतानाच्या १८५२च्या फर्मानानुसार जे जिथं आहे ते तिथंच, म्हणून शिडीला कुणी हात लावत नाही. दाराची चावी मुसलमान घराण्याकडं. आमच्या मिरासाहेबांच्या उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो, त्यामुळं मला याचं फार नवल वाटलं नाही.

जतचा_मेंढका:
त्याच रस्त्याकडेला खान अल-अहमर नावाची वस्ती आहे. पत्र्याची खोपटी, टायर आणि मातीची शाळा. जहालीन टोळीचे बदाऊनी, म्हणजे भटके अरब मेंढपाळ, १९५०च्या दशकात नेगेव वाळवंटातून हुसकावलेले. तुम्ही गेलात त्याच वर्षी इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानं वस्ती पाडायला वाट मोकळी केली. मेंढरांच्या वाटा म्हणताय, ती मेंढरं कुणाची होती दादा?

माणचा_नास्तिक:
पत्रे दिसले होते. मला वाटलं, गोठा आहे.